ख्रिस्ती कॉलेजातलं पहिलं वर्ष : प्रवेशाच्या कागदांपासून क्लबच्या प्रमाणपत्रापर्यंत

मुंबईचं विल्सन १८३२ चं, सेंट झेवियर्स १८६९ चं, नागपूरचं हिस्लॉप १८८३ चं, अहिल्यानगरचं अहमदनगर कॉलेज १९४७ चं. विल्सन आणि हिस्लॉप स्कॉटिश मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिली, झेवियर्स जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी काढलं, तर अहमदनगर कॉलेजची सुरुवात डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी केली. वसईत संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे. तिथे ख्रिस्ती मुलंही घरात मराठी किंवा वसईची बोली बोलतात. या सगळ्या कॉलेजांना एकच नियम लावता येत नाही, पण पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींचा गोंधळ मात्र सगळीकडे सारखाच दिसतो.

त्याचं कारण वेळेत आहे. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांतच एनसीसी, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), नाटक, संगीत, मराठी मंडळ, फेस्ट अशी सगळ्यांची भरती होते. त्या वेळी तुम्हाला स्वतःचा वर्ग कुठल्या मजल्यावर आहे हेही नीट माहीत नसतं. मग काहीजण घाबरून कुठेच नाव देत नाहीत आणि काहीजण सहा फॉर्म भरून टाकतात. नोव्हेंबर उजाडला की दोघांचीही हळहळ सारखीच असते. मराठी माध्यमातून आलेली, घरातून पहिल्यांदाच अशा कॉलेजात जाणारी मुलं यात सगळ्यांत जास्त मागे राहतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

१. पहिल्या दिवसाआधी फाइल तयार ठेवा

प्रवेश नक्की करायला जाताना ही कागदपत्रं लागतात:

- दहावी आणि बारावीची मूळ गुणपत्रिका
- शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला (एलसी)
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे किमान आठ फोटो
- जातीचा दाखला, लागत असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेअर
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (शिष्यवृत्तीसाठी)
- राज्य मंडळाबाहेरून बारावी केली असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट
- एबीसी आयडी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा) क्रमांक. तो डिजिलॉकरमधून काढता येतो
- रॅगिंगविरोधी हमीपत्र, विद्यार्थ्याचं आणि पालकांचं
- ख्रिस्ती अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या चर्चच्या धर्मगुरूंचं पत्र

मूळ एलसी एकदा कॉलेजात जमा झाली की कॉलेज सोडेपर्यंत हातात येत नाही. म्हणून जमा करण्याआधी तिच्या पाच झेरॉक्स काढा आणि एक स्वच्छ स्कॅन मोबाइलमध्ये व ईमेलवर ठेवा. एनसीसी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळीकडे तिची प्रत मागतात.

दुसरा घोळ नावाचा. आधारवर ‘सुनिता’, गुणपत्रिकेवर ‘सुनीता’, बँक खात्यावर वडिलांचं नावच नाही, अशा फरकामुळे एबीसी आयडी जुळत नाही आणि शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकीची कागदपत्रं त्यानुसार आत्ताच दुरुस्त करून घ्या. महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं उघडलेलं असणं आणि ते आधारशी जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे बँकेत जाऊन खात्री करा.

२. कॉलेजचं ख्रिस्तीपण समजून घ्या

घरचे हमखास विचारतात, ‘तिथे प्रार्थनेला बसावं लागतं का?’ राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम २८(३) सांगतं, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान (अठरा वर्षांखालचा) असेल तर पालकांची संमती लागते. या कॉलेजांतून बिगरख्रिस्ती मुलं पिढ्यान् पिढ्या शिकत आली आहेत, तेव्हा घरच्यांना हे निवांतपणे सांगा.

कॅथलिक कॉलेजात ‘फादर’, ‘सिस्टर’ भेटतील. प्रोटेस्टंट परंपरेच्या कॉलेजात ‘रेव्हरंड’ किंवा ‘चॅप्लेन’. फादर प्राचार्य असले तरी त्यांना ‘फादर’ म्हटलेलंच रीतीला धरून आहे, ‘सर’ म्हणण्याची गरज नाही. जेझुइट कॉलेजांत ३१ जुलैला संत इग्नेशियसचा दिवस असतो, ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. नाताळाची सुट्टी कधीपासून कधीपर्यंत हे कॉलेजच्या कॅलेंडरवर बघून मगच गावाचं तिकीट काढा, कारण परीक्षा आणि फेस्ट त्याच्या अलीकडे-पलीकडे लावलेले असतात.

कॅथलिक कॉलेजात वर्षाच्या सुरुवातीला चॅपलमध्ये मिस्सा (सामुदायिक उपासना) असतो. उत्सुकतेपोटी गेलात तर चांगलंच आहे. मागच्या बाकावर बसा, टोपी काढा, मोबाइल बंद करा, सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही, तेव्हा शांत बसून राहिलात तरी चालतं. शेवटाकडे सगळे रांगेने वेदीकडे जातात आणि धर्मगुरू त्यांच्या हातावर किंवा जिभेवर एक पातळ, गोल, पांढरी चकती ठेवतात. आपल्याकडच्या सवयीने नवी मुलं प्रसाद समजून त्या रांगेत उभी राहतात. तो प्रसाद नाही. कॅथलिक श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचं शरीर आहे आणि ते संस्कार घेतलेल्या कॅथलिकांसाठीच असतं. तुम्ही बाकावरच बसून राहा. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

३. पहिले पंधरा दिवस : वेळापत्रक आणि क्रेडिट

नव्या शैक्षणिक धोरणानंतर वेळापत्रकावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरं दिसतात. सगळी पाठ करत बसू नका. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय, एईसी म्हणजे भाषा, आणि सीसी म्हणजे सहअभ्यासक्रम. क्लबशी ज्याचा थेट संबंध येतो तो हा शेवटचा सीसी: एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक काम यांतलं काहीतरी निवडून त्याची दोन क्रेडिट (श्रेयांक) मिळवायची असतात. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. त्यात ही दोन राहिली तर सत्र अपुरं राहतं.

म्हणून ऑफिसात किंवा विभागप्रमुखांकडे पहिल्याच पंधरवड्यात दोन प्रश्न विचारून घ्या: ‘मी ज्या क्लबात जाणार आहे, तो सीसीसाठी धरला जातो का?’ आणि ‘त्याची नोंद कोण करतं, मी की क्लबचे प्राध्यापक?’ नाटकाच्या क्लबात वर्षभर राबूनही सीसीमध्ये नाव भलत्याच गटात राहिलं, असं सर्रास घडतं.

कॉलेज स्वायत्त आहे का, तेही बघा. झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे. अशा कॉलेजात अभ्यासक्रम, अंतर्गत परीक्षा आणि त्यांच्या तारखा कॉलेज स्वतः ठरवतं, त्यामुळे दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राच्या नोट्स आणि तारखांवर विसंबू नका. झेवियर्समध्ये पदवीसाठी सामाजिक सहभागाचे ६० तासही पूर्ण करावे लागतात. ते तिसऱ्या वर्षावर ढकलू नका.

४. हजेरीचा हिशेब

विद्यापीठाचा नियम ७५ टक्क्यांचा. पहिल्या वर्षाची मुलं एकूण टक्केवारी बघतात आणि फसतात ती छोट्या पेपरात. हिशेब असा: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. चार क्रेडिटच्या पेपराला ६० तास, म्हणजे १५ तास चुकले तरी चालतं. दोन क्रेडिटच्या पेपराला मात्र ३० तासच असतात, तिथे फक्त ७ चुकवता येतात.

आता समजा एकांकिकेच्या तालमी तीन आठवडे चालल्या आणि त्यांची वेळ नेमकी या छोट्या पेपराच्या तासाला आली. आठवड्याला दोन तास, तीन आठवड्यांत सहा गेले. उरला एक. ऑगस्टमध्ये ताप आला किंवा पावसाने लोकल बंद पडली, की तुम्ही कमी हजेरीच्या यादीत.

यावर उपाय म्हणजे हजेरीचं पत्र. कॉलेजतर्फे कुठे जात असाल, तर क्लबच्या प्रभारी प्राध्यापकांच्या सहीचं, तारीख आणि तास नमूद केलेलं पत्र मिळतं. ते कार्यक्रमानंतर त्याच आठवड्यात विषयाच्या प्राध्यापकांना द्या आणि आपल्याकडच्या प्रतीवर ‘मिळालं’ अशी सही घ्या. सत्राच्या शेवटी पाच पत्रं एकदम नेऊन दिली तर बहुतेक वेळा उपयोग होत नाही. आणि नुसत्या तालमीसाठी पत्र मिळेल असं गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी ते स्पर्धेच्या दिवसापुरतंच असतं.

५. क्लब : कुठे काय मिळतं आणि किती वेळ जातो

एनएसएस. १९६९ पासून चालू असलेली योजना. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिर बहुधा एखाद्या गावात असतं: श्रमदान, सर्वेक्षण, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. तासांची वही स्वतःची ठेवा, दर वेळी सही घ्या. नव्या शहरात माणसं जोडायला याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण इथे निवडचाचणी नसते आणि इंग्रजी कोणी विचारत नाही.

एनसीसी. इथे पहिलं वर्ष चुकलं तर भरून काढता येत नाही. ‘बी’ प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, ‘सी’ तिसऱ्या वर्षी, म्हणून एस.वाय.ला (दुसऱ्या वर्षाला) नाव दिलंत तर तीन वर्षांच्या पदवीत ‘सी’पर्यंत पोचता येत नाही. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर एनसीसी स्पेशल एंट्रीसाठी हेच ‘सी’ प्रमाणपत्र, किमान ‘बी’ श्रेणीत, लागतं. निवडीच्या दिवशी पळायला लावतात, म्हणून निकालानंतरच्या सुट्टीत रोज सकाळी पळायची सवय ठेवा. परेडची सकाळ ठरलेली असते. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांनी पहिली गाडी कितीला आहे ते बघूनच फॉर्म भरावा.

मराठी वाङ्मय मंडळ. इंग्रजी बोलणाऱ्या कॉलेजात मराठीचं काय असणार, असं वाटून मुलं तिकडे फिरकत नाहीत. प्रत्यक्षात झेवियर्समधलं मराठी वाङ्मय मंडळ ‘आमोद’ नावाचा स्वतःचा महोत्सव भरवतं. मंडळात भित्तिपत्रक, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, अभिवाचन, एकांकिका असं बरंच काही चालतं. भित्तिपत्रकासाठी चांगला मजकूर आणि स्वच्छ हस्ताक्षर असलेली मुलं दर वर्षी कमीच पडतात. तुमच्याकडे हे असेल तर पहिल्याच बैठकीत सांगा.

संगीत आणि नाटक. झेवियर्सच्या इंडियन म्युझिक ग्रुपकडे शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह आहे. गाता येत नसलं तरी ऐकण्याची गोडी असलेल्यांना अशा गटात जागा असते. नाटकात पहिल्या वर्षाला भूमिका क्वचित मिळते. प्रकाश, नेपथ्य, प्रॉपर्टी (रंगमंचावरचं सामान), संगीताची कळ दाबणं ही कामं मिळतात. ती घ्या. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांतून पुढे आलेल्या कित्येकांची सुरुवात बॅकस्टेजनेच झालेली आहे.

लेखनिक आणि वाचक. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लिहिणं, पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं. झेवियर्समध्ये यासाठी २००३ पासून स्वतंत्र केंद्र आहे, इतर कॉलेजांत एनएसएसमार्फत संधी मिळते. नियम कडक असतात: वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं, सांगितलं तेच आणि तसंच लिहायचं, स्वतःचं उत्तर घालायचं नाही, आकृतीचं वर्णन विचारलं तर प्रश्नपत्रिकेवर आहे तेवढंच सांगायचं. ऐन वेळी न जाणं इथे अक्षम्य आहे, कारण समोरच्याचं वर्ष त्या तीन तासांवर उभं असतं.

धार्मिक गट. कॅथलिक विद्यार्थ्यांची संघटना ‘आयकफ’ (ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन) १९२४ पासूनची आहे, प्रोटेस्टंट कॉलेजांत स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट भेटेल. यांत जाणं पूर्णपणे ऐच्छिक आहे. ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी आवर्जून जावं, विशेषतः खेड्यातल्या चर्चच्या मंडळीतून शहरात आलेल्यांनी. वसतिगृहातला पहिला महिना तिथल्या ओळखींमुळे हलका जातो.

६. दोनच निवडा

एक असं, जिथे तास आणि क्रेडिट नोंदवले जातात, म्हणजे एनएसएस, एनसीसी किंवा खेळ. एक मनापासून आवडणारं. तिसऱ्याला या वर्षी नाही म्हणा. विल्सनच्या बाहेर समोर चौपाटी आहे, झेवियर्सपासून सीएसएमटी चालत गाठता येतं, तरी विरारला घर असेल तर दिवसाचे तीन तास गाडीत जातात. ते धरून आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त क्लबला देता येत नाहीत.

निवड अशी होते: पहिल्या आठवड्यांत कॉलेजच्या आवारात क्लब टेबलं मांडतात किंवा व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरतो. फॉर्म दोन-तीन दिवसांतच बंद होतो. मग पाच ते दहा मिनिटांची मुलाखत. समोर एस.वाय., टी.वाय.ची (दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची) दोन-तीन मुलं बसलेली असतात. प्रश्न बहुधा चार: हा क्लब का, याआधी काय केलंय, आठवड्याला किती वेळ देशील, आणि ‘ऐन वेळी अमुक बिघडलं तर काय करशील?’

पहिल्या प्रश्नाला ‘मला व्यक्तिमत्त्व विकास करायचाय’ हे उत्तर सगळेच देतात. त्याऐवजी ठोस बोला: ‘गावच्या गणेशोत्सवात तीन वर्षं मंडप आणि वर्गणीचा हिशेब मी सांभाळलाय, मला लॉजिस्टिक्समध्ये काम हवंय.’ गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, भजनी मंडळ, क्रिकेटच्या सामन्याची तयारी, हा सगळा अनुभवच आहे. आणि वेळेबाबत खरं सांगा. ‘साडेसहाची गाडी पकडावीच लागते’ असं आधी सांगणाऱ्याला काम मिळतं; होकार देऊन तिसऱ्या दिवशी गायब होणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही.

७. इंग्रजीची भीती

मुलाखतीत वाक्य अडलं तर सरळ ‘मी हे मराठीत सांगू का?’ असं विचारा. मुंबई-पुण्यातल्या कॉलेजांत समोरच्यांपैकी एकाला तरी मराठी येतंच. वर्गासाठी एक छोटी वही ठेवा: रोजच्या तासातले पाच पारिभाषिक शब्द आणि त्यांचा मराठी अर्थ. सहा आठवड्यांत दीडशे शब्द होतात आणि बहुतेक प्रास्ताविक पेपरांना तेवढे पुरतात. उत्तरं मराठीतून लिहायची मुभा आहे का, हे पेपरनिहाय परीक्षा विभागात विचारा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

८. फेस्टच्या दिवसांत

झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९ पासून, ऑगस्टमध्ये. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेज कळायच्या आत फेस्ट येतो. इतरत्र डिसेंबर-जानेवारीत. पहिल्या वर्षाला व्हॉलंटियरची कामं मिळतात: दारावर उभं राहणं, पाहुण्या कॉलेजांच्या संघांना जागेवर नेणं, डेको (सजावट), सामान वाहणं. पायात बूट घाला, पाण्याची बाटली आणि पॉवर बँक ठेवा, जेवणाचं कूपन सकाळीच मागून घ्या.

पैशांबाबत मात्र कडक राहा. टी-शर्ट, पास, वर्गणी यांचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. ज्याच्या खात्यावर पैसे आले त्यालाच नंतर हिशेब मागितला जातो. खिशातून खर्च करायची वेळ आली तर आधी खजिनदाराचा लेखी मेसेज घ्या आणि पक्कं बिल मागा. कच्च्या चिठ्ठीवर कॉलेजचा लेखा विभाग पैसे देत नाही. प्रायोजक आणायला पाठवलं तर कॉलेजच्या लेटरहेडवरचं, शिक्का असलेलं पत्र हातात असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

उशीर होणार असेल तर प्रभारी प्राध्यापकांची लेखी परवानगी कोणाकडे आहे आणि रात्री शेवटी आवारात कोणते शिक्षक असतील, हे दुपारीच विचारा. एकाच मार्गावरच्या मुलामुलींनी एकत्र निघावं.

९. सीनियर आणि रॅगिंग

क्लबातलं काम सांगणं वेगळं आणि त्रास देणं वेगळं. खुर्च्या लावायला सांगितलं तर लावा. नाचून दाखव, जात सांग, सगळ्यांसमोर अपमानकारक प्रश्नाला उत्तर दे, हे ‘इंटरॅक्शन’च्या नावाखाली झालं तरी रॅगिंगच आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, दिवसरात्र चालू असते. तक्रार करताना तारीख, वेळ, जागा आणि तिथे कोण कोण होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

१०. दुसऱ्या सत्रात

जानेवारीत क्लबांतली गर्दी अर्धी होते. जे उरतात त्यांच्याकडेच पुढच्या वर्षीच्या जबाबदाऱ्या जातात, आणि संयोजकांची निवड बहुधा परीक्षेच्या आधीच उरकते. म्हणून फेब्रुवारीत आपल्या क्लबच्या प्रमुखाला भेटून ‘पुढच्या वर्षी मला अमुक विभाग हवाय’ हे स्पष्ट सांगा. प्रमाणपत्रंही त्याच महिन्यात मागा. एकदा टी.वाय.ची मुलं परीक्षेला लागली की सही करणारा माणूस सापडत नाही. प्रमाणपत्रावर नाव गुणपत्रिकेप्रमाणे आहे का, तास आणि वर्ष बरोबर आहे का, प्रभारी प्राध्यापकांची सही आणि कॉलेजचा शिक्का आहे का, हे तिथेच उभं राहून बघा आणि स्कॅन करून पहिल्या फाइलमध्ये एलसीच्या प्रतीशेजारी ठेवा.